दह्यात कालवलेली चटणी

अप्पा, शेंगाचटणी तुम्हाला तेलातच लागायची. कडक भाकरी चुरायची, वर तेल, मग चटणी. मी शाळेच्या कपड्यांत शेजारी बसून डोळे पुसत खायची. तुमच्या युनियनमधले काका जेवायला असले की मात्र तुम्ही स्वतः उठून त्यांच्या वाटीत चटणी दह्यात कालवायचात. त्यांना तिखट सोसायचं नाही. "मालकाला भीत नाही, अन् चटणीला भितोय," तुम्ही म्हणायचात. ते मान खाली घालून हसायचे.

त्या दुपारी आई मला शाळेतून घेऊन येते, तर तुम्ही पुढच्या खोलीत रक्तात पडलेले. आत दोन उष्टी ताटं, एकात दह्याची पितळी वाटी. शेजारी धावतात, कुणी पोलिसांना आणायला जातं, आणि तेवढ्यात आई ती ताटं उचलून घासून टाकते. घरात माणूस गेलेला, दारात लोक जमणार, आणि उष्टं तसंच पडलेलं? तिला दुसरं काही सुचलंच नाही. पंचनाम्यात ताटं आलीच नाहीत.

पोलिसांनी मंद्रूपचा एक कामगार धरला. तुम्ही त्याला युनियनमधून काढलं होतं. तो दारातच भांडला आणि रागात सुरा चालवला, असं ठरलं. आईने दोन ताटांचं सांगितलं, तर साहेब म्हणाले, बाई धक्क्यात आहेत. युनियनच्या निवडणुकीला तुमच्या जागी काका उभे राहिले, निवडूनही आले. शाळेतल्या सिस्टर म्हणाल्या, मारणाऱ्यासाठीही प्रार्थना कर. मी कितीतरी वर्षं त्या कामगाराचं नाव घेत राहिले. तो तुरुंगातच वारला.

मागच्या वर्षी मंद्रूपच्या बाजारात त्याची मुलगी सापडली. भाजी विकते. "बा मरंस्तवर म्हनायचा, मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवला न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. "तुमी आत्ता इचारताय व्हय?"

वाटीवरून कुणी खुनी ठरत नाही, हे मला कळतं. पण या दिवाळीला काका आले, नव्वदीला टेकलेले, आणि मी मुद्दाम चटणी तेलात वाढली. "दही न्हाई का गं पोरी? अप्पा द्यायचा की," ते म्हणाले. डोळेसुद्धा हलले नाहीत.

माझ्यामागे काय कुणाला द्यायचं, ते मुलाला सांगून ठेवणार आहे. तुमचं घड्याळ त्याला. काकांनी माझ्या लग्नात दिलेला चांदीचा करंडा त्यांच्या घरी परत. ती पितळी वाटी मंद्रूपला, त्या मुलीच्या हातात, आणि ती कुणासमोर होती तेही तिला सांगायचं. हा कागद मात्र कुणालाच द्यायचा नाही. त्यातली एक गोष्ट तिला कळायला नको.

दिवाळीला काकांनी मागितलेलं दही मी दिलं, अप्पा. कालवून दिलं.