दादाची अर्धी

३ मार्च, सोमवार
आजपासून सिगारेट बंद. कायमची. एकतीस वर्षांचा संसार मोडला, पण डोळ्यांत टिपूस नाही. दवाखान्यात दादाच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. त्याला जाऊन आज महिना झाला. मधला महिना सोडला, कारण दुःखात माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत. शिवाय डॉक्टरांनी परवा माझा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, भाऊ गेला त्याच वाटेवर आहात, अजून वळता येईल. वळलो.
बायकोला सांगितलं. ती 'हो का' म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. तिचा विश्वास बसायला वेळ लागतो.

तोच दिवस, सकाळी ११.४०
पुस्तकांच्या पाठींना खळ लावली, थप्पी प्रेसमध्ये आवळली. आता वाळेपर्यंत बाइंडरला काम नसतं. ही वीस मिनिटं मागच्या दारच्या पायऱ्यांवर जायची. पूर्वी आम्हा भावांची पाकिटं वेगळी होती. नऊ वर्षांपूर्वी दादाने नियम काढला: एकच पेटवायची, अर्धी अर्धी. थोरला म्हणून तो वरच्या पायरीवर, मी खालच्या, त्याच्याकडे पाठ करून. अर्धी झाली की मागून 'घे' यायचं. दिवसाला दहा खेपा तरी.
आज नुसताच बसलो. छान वाटलं. पाच मिनिटांत आत आलो.

४ मार्च
बावीस तास झाले. एका बाईंच्या प्रबंधाला पुठ्ठा उलटा बसवला. सोनेरी अक्षरं मागच्या बाजूला, तीही डोक्यावर उभी. बाई म्हणाल्या, चार वर्षं खपून लिहिलाय हो. मी म्हटलं, परीक्षक शेवटच आधी बघतात. चूक माझी नाही. उलटसुलट बघायचं काम दादाचं होतं.

७ मार्च, दुपार
पायरीवर बसलो असताना मागे कुणीतरी खोकलं. दोनदा. दादाचा खोकला मी हजारांत ओळखीन. वळून बघितलं नाही. नसेलच कुणी, मग बघायचं कशाला?
संध्याकाळी त्याच्या खणात त्याचं पाकीट सापडलं. त्यात सात शिल्लक. फेकून देणार होतो, पण मेलेल्या माणसाच्या वस्तू अशा घाईने फेकू नयेत.

८ मार्च
दादासाठी एक पेटवली. पेटवायला एक झुरका लागतोच, तो कामाचा भाग. त्याच्या पायरीच्या कडेला ठेवली आणि पाठ फिरवून बसलो. धूर हळूहळू माझ्या कानाजवळून गेला. अंगावर काटा आला, पण बरं वाटलं. मग अगदी स्पष्ट ऐकलं, 'घे.'
घेतली नाही.
घेतली. थोरल्याने दिलेली वस्तू नाकारायची रीत आमच्यात नाही.

१० मार्च
नीट विचार केला. पहिली अर्धी दादाची, ती माझ्या नावावर येत नाही. दुसरी अर्धी मी मागितलेली नाही. म्हणजे शून्य. आठवडा पुरा झाला! बायकोला सांगितलं. तिने माझा शर्ट हुंगला आणि वेगळ्या बादलीत भिजवला. दादाचं पाकीट संपलं, नवं आणलं. तेही दादासाठीच.

१४ मार्च
आज धीर करून वळलो. पायरी रिकामी. सिगारेट अर्धी जळलेली आणि राख न मोडता लांबच लांब लटकलेली. दादाची राख अशीच असायची. बऱ्याचदा माझ्या खांद्यावर पडायची आणि मी चिडायचो. आत जाताना चौकटीवर आपटलो. भीतीने नव्हे, ऑक्सिजन वाढल्याने असं होतं म्हणे.

१८ मार्च, मंगळवार
वहिनी दादाचा चष्मा न्यायला आल्या. मागच्या दारी मी, आणि वरच्या पायरीवर एक जळती सिगारेट. लपवायला वेळ मिळाला नाही. सांगून टाकलं, वहिनी, हसू नका, दादाची अर्धी आहे.
त्या हसल्या नाहीत. पायरीवर बसल्या, चष्मा पदराने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, ह्यांनी नऊ वर्षांपूर्वीच सोडली होती. पेटवायचे आणि नुसती हातात धरायचे. धाकटा सांगून ऐकायचा नाही, निदान अर्धी तरी जळून जाऊ दे, म्हणायचे.
मी म्हटलं, मग तो खोकला?
वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पिशवीत ठेवला.
मी खालच्या पायरीवर ओढायचो आणि धूर वर जातो, हे मला माहीत आहे. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

१९ मार्च
सकाळपासून खळीचा डबा उघडला नाही. मागे खोकला नाही, काही नाही. इतकं शांत या पायऱ्यांवर कधीच नव्हतं. दादा, एकदा खोकला असतास तर बरं झालं असतं रे.

तोच दिवस, दुपारी ४
उपाय सापडला. दादाचाच. आज पहिल्यांदा वरच्या पायरीवर बसलो. पेटवली आणि नुसती धरली. तोंडाला लावली नाही, शप्पथ. राख लांब होत गेली. बोटं पोळली तरी धरली. अर्धी झाल्यावर हात पुढे केला आणि 'घे' म्हटलं.
खालच्या पायरीवर कुणी नव्हतं. मग मीच घेतली.