तसबिरीत नसलेले पाय

अहो शकूचे बाबा,

तुम्ही होता तोवर तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. एकाच घरात राहून कोण कुणाला पत्र लिहितं? आज लिहितेय, कारण काल दुपारी तुम्ही आलात आणि मी तुम्हाला ओळखलं नाही.

तांदूळ निवडता निवडता डोळा लागला होता. दारात पाय वाजले. तुमचेच पाय. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, टाचांना भेगा, घोट्यापर्यंत चिखल. जन्मात पहिल्यांदा मी धीर करून मान वर केली. वर चावडीतल्या तसबिरीतला माणूस उभा होता!

कसली तसबीर, ते तुम्हाला कुठून कळणार? सांगते. झेंडा बदलून वर्ष झालं. बेचाळीसच्या चळवळीत गावातला जो एक माणूस गेला, त्याची तसबीर चावडीत लावायची आणि झेंड्याच्या दिवशी तिला हार घालायचा, असं पाटलांनी ठरवलं. तुम्हाला धरून नेलं तेव्हा हेच पाटील आपल्या आळीतून जायचं टाळत होते. असो! आता तुमचं नाव घेताना त्यांचा गळा भरून येतो.

अडचण एकच, तुमचा फोटो नव्हता. रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकणाऱ्याचा फोटो काढणार कोण? मग पाटील लोणावळ्याहून दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर घेऊन आले. तो आपल्या ओसरीवर कागद मांडून बसला. "आमच्या धाकल्यागतच व्हता, जरा लांबडा," तुमचे आबा म्हणाले. लगेच तुमच्या भावाला समोर बसवलं. भाऊजी काय, लग्नाला निघाल्यासारखे केस चापून आले.

मग पेंटर माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही सांगा. नाक कसं होतं? डोळे कसे होते?"

आणि मला सांगता येईना!

लोकांना वाटलं, दुःखानं हिला बोलवत नाही. दुःख कसलं, शरमेनं मेल्यासारखं झालं होतं. तुमच्याबरोबर संसार केला, पण तुमचं तोंड मी नीट पाहिलं कधी? दिवसा आबा ओसरीवर, सासूबाई चुलीपाशी. त्यांच्यादेखत नवऱ्याकडे मान वर करून बघेल ती सून उठवळ. आणि दिवा मालवल्यावर काय दिसणार, कपाळ? तुम्हाला पाणी दिलं ते पायांकडे बघत, भाकरी वाढली ती हातांकडे बघत. तुम्ही तरी एकदा म्हणायचं होतं, "अगं, जरा बघ तरी!" म्हणायला काय झालं होतं?

"पाय सांगते," मी हळूच म्हटलं.

पेंटर हसला नाही, बरा माणूस होता. "वहिनी, तसबीर छातीपर्यंत असते. हुतात्म्याचे पाय कोणी काढत नाही."

तर अशी निघाली तसबीर. पांढरी टोपी, पिळाच्या मिशा, नजर कुठेतरी डोंगरापलीकडे. गोरे गेले म्हणतात, आणि पेंटरनं तुम्हालाच गोरंपान करून टाकलं! गाव म्हणालं, हुबेहूब! पाटील भाषणात म्हणाले, "आमचा वीर हसत हसत गेला." मी बायकांत बसले होते, पदर तोंडाला लावून.

हसत? मी दाराआड उभी होते ना! तुम्ही जेवून कामावर परत निघाला होतात, तेवढ्यात पोलीस आले. घाटात तारा तोडणाऱ्यांत तुम्ही होतात हे मलाही तेव्हाच कळलं. पदराआडून मला पायच दिसत होते. एका पायात वहाण होती. दुसरी पायरीखाली सरकली होती आणि तुम्ही ती पायानं चाचपत होतात. शिपायानं ढकललं. तुम्ही एका वहाणेनं गेलात. देशासाठी गेलात, खरंच गेलात, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण हसत नाही गेलात हो, वहाण शोधत गेलात. हे भाषणात सांगितलं तर देश लहान होतो का?

मग पुण्याहून निरोप आला. तुरुंगात तापानं गेले, तिकडेच उरकलं. शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

तसबीर लागायच्या आधीही तुम्ही स्वप्नात यायचात. पाय दिसायचे, वर नुसतं धुकं असायचं. त्याची मला सवय झाली होती. त्या धुक्याला कोणी हार घालायला येत नव्हतं, ते माझं एकटीचं होतं. आता तिथे हा टोपीवाला येऊन बसलाय आणि उठत नाही. भीती वाटते हो मला त्याची.

आणि आपली शकू! तुम्ही गेल्यावर जन्मलेली पोर. शाळेतून येताना रोज चावडीत डोकावते, हात जोडते. परवा विचारत होती, "आई, बाबा लय गोरं व्हतं का गं?" काय सांगू? हो म्हटलं तर माझ्याच तोंडानं तुम्हाला घालवल्यासारखं होतं. नाही म्हटलं तर तिला दुसरा कुठला बाप दाखवू?

म्हणून आज सकाळी तिला घेऊन कान्हे स्टेशनाच्या बाजूच्या रुळाखालच्या मोरीवर गेले. आठवतं? मोरीचं काम चालू असताना तुमचा पाय ओल्या सिमेंटात पडला होता. मुकादमानं शिव्या घातल्या. घरी येऊन तुम्ही आबांना सांगत होतात, "म्या म्हणलं, गाडी वरनं जाती, पाय खाली ऱ्हातो. कुणाला खुपतुया?" मी चुलीपाशी तोंड दाबून हसले होते.

पाय आहे हो अजून! कडेनं शेवाळ धरलंय, आत पावसाचं पाणी साठलंय. बोट अंगठ्यावर चढलेलं, तसंच. इतका ताजा दिसला की मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"ह्ये तुझं बाबा," मी शकूला म्हटलं.

तिनं ओंजळीनं पाणी उपसलं. आपला एवढासा पाय आत ठेवला आणि त्या पायाचं तोंड होतं तिकडे बघत उभी राहिली. तिच्यासमोर घाट नव्हता, रूळ नव्हते. शेतांपलीकडे आपल्या घराची कौलं दिसत होती.

"आई, बाबा घरला येत व्हतं?"

"व्हय," मी म्हटलं.

तसबीर राहू दे. गावाला ती हवी आहे. पुढच्या झेंड्यालाही हार घालतील, भाषण होईल, मी बायकांत गुपचूप बसेन. पण त्याआधी सकाळी शकू आणि मी मोरीवर जाऊन तो पाय धुऊन येऊ. बाहेरून आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घालायचं आपल्या घरात कधी चुकलं नाही.

आणि तुम्हाला वचन देते. पुन्हा दारात आलात तर मी मान वर करणार नाही. वर कुणाचंही तोंड असो. पाण्याचा तांब्या घेऊन पुढे येईन, खाली बघेन आणि तुम्हाला ओळखेन. दुसरी वहाण उंबऱ्याशी काढून ठेवलीय.

तुमची,
शकूची आई