ऑपरेशन कुणी करायचं

१२ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आपण सहा भावंडं एका खोलीत वाढलो आणि एकालाही पाय लांब करून झोपायला मिळालं नाही. ही तक्रार तुझी, माझी, सगळ्यांचीच. तरी आपण ती हसण्यावारी नेतो. तू तर म्हणतोस, गोदामात पोती रचायला तू त्याच खोलीत शिकलास.

इकडे ठीक. पाणी एक दिवसाआड येतं. आपण खेकडे धरायचो त्या ओढ्यावर आता चार मजली घरं उभी आहेत. जोराचा पाऊस झाला की ओढा आपली जागा मागायला लोकांच्या स्वयंपाकघरात शिरतो. कोपऱ्यावरची शाळा तीन पाळ्यांत भरते; शेवटच्या पाळीची मुलं वर्गात पेंगतात.

परवा वाढत्या लोकसंख्येवर माझं भाषण झालं. परीटघडीच्या कपड्यांतला एक गृहस्थ उठून म्हणाला, या लोकांना कुणीतरी समजावलं पाहिजे. मी विचारलं, हे लोक म्हणजे कोण ते तरी कळू द्या. बागेतल्या हिरवळीला रोज पाणी घालणारे, की हंडाभर पाण्यासाठी भांडणारे? माणसं फार झाली म्हणणारा त्यात स्वतःला कधी धरत नाही. टाळ्या पडल्या. मी फुशारून घरी आले, तर दारात तुझी बायको, मांडीवर तान्हं घेऊन बसलेली.

बाजारात जाते म्हणून निघालेली ती बाजारात गेलेली नाही, हे तुला एव्हाना कळलंच असेल. मोठ्या तिघांना तू सांभाळतो आहेस. चांगलं आहे, सवय होईल.

ती रडली नाही. मूल बंद करायच्या ऑपरेशनसाठी तू तिला एकटीला धाडलंस आणि डॉक्टरीणबाईंनी परत पाठवलं, एवढंच बोलली. म्हणून मी जाऊन बाईंना भेटले. त्यांनी साफ सांगितलं, की गेल्या बाळंतपणानंतर तिचं हृदय कमजोर झालं आहे; तिला भूल देणं धोक्याचं, आणि पुन्हा दिवस राहणं त्याहून धोक्याचं. नवऱ्याचं करा, ते सोपं असतं, असा निरोप त्यांनी तिच्याजवळ दिला होता. घरी येऊन तिला खोदून विचारलं, तेव्हा कळलं की तिने तो तुला सांगितला होता. तू काय म्हणालास? माझं अंगमेहनतीचं काम, ताकद गेली तर घर कोण चालवणार, पुढचं पुढे बघू.

पुढचं मी पाहिलेलं आहे.

आई तापाने गेली असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं, आणि मीही तेच सांगत आले. ताप नव्हता. तुझ्या पाठचं बाळंतपण होतं. तू माझ्या मांडीवर झोपलेला, मध्ये फक्त एक चादर टांगलेली. पलीकडून सुईण बाबांना म्हणाली, "मागच्या खेपेलाच बजावलं होतं तुम्हाला." ते वाईट नव्हते रे. त्यांनीही पुढचं पुढे बघायचं ठरवलं होतं.

हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगितलेलं नाही. तिथे आकडे सांगते. त्या आकड्यांत आईला बसवायला जीभ रेटत नाही.

तुझी ताकद कुठे जात नाही. तेवढी जागा बधिर करतात, त्याच दिवशी घरी सोडतात, आठवडाभर जड उचलायचं नाही. गोदामातले हसतील. हसू देत, त्यातला एकही जण तुझी चार पोरं आईविना वाढवायला येणार नाही. तीन महिन्यांनी एक तपासणी असते, तोवर भरवसा धरायचा नसतो. मी तुझ्या बायकोला विचारलं, काय करायचं? असं तिला आजवर कुणी विचारलंच नसावं. तान्ह्याला खांद्यावर घेत म्हणाली, "तपासणी नीट आली की येईन, म्हणावं त्यांना."

जगाचा भार तू एकट्याने हलका कर असं मी म्हणत नाही. तो मोठमोठ्यांना पेलत नाही. तुझ्या हातात एवढी एकच गोष्ट आहे. येत्या गुरुवारी सकाळी दवाखान्यात ये. तिला न्यायला येऊ नकोस, स्वतःचं ऑपरेशन करून घ्यायला ये.

आईची जागा कधीच भरून न काढू शकलेली,
तुझी ताई