डेक्लनच्या गावाची फायनल

तीर्थस्वरूप देवदत्तदादा,

ओजिमाच्या या जपानी खोलीत साष्टांग घालायला जागा नाही, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घ्या.

आमच्या ऑफिसातला आयरिश डेक्लन-सान रजा काढून मायदेशी गेला होता. कारण काय, तर त्याच्या गावाचा क्लब काउंटीच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या, गेलिक फुटबॉल या त्यांच्या देशी खेळाच्या फायनलला पोचला. आजोबांच्या काळानंतर प्रथमच. तिथे आपल्याच गावासाठी खेळायचं, तेही बिनपैशाने, असा दंडक.

"तू खेळणार?" मी विचारलं होतं.

"छे, नुसता ओरडणार."

क्लब हरला. हा परतला तो बसलेल्या घशाने, पण पूजा घालून आल्यासारखा प्रसन्न. मला म्हणाला, "तुझ्या गावाचं काय?"

मग अस्मादिकांनी छाती काढून सांगितलं, की आमचं मंडळही माघात कबड्डीच्या जिल्हा फायनलला होतं, आणि संघ घडवला तो माझ्या थोरल्या भावाने.

"जिंकलात?"

"जिंकलो," म्हणालो. अख्ख्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या.

दादा, आता दिवाळीही झाली. दर रविवारी फोनवर तुम्ही गुडघ्याचं सांगता, पाण्याचं सांगता. फायनलचं तुम्ही काढलं नाहीत आणि मी विचारलं नाही. आता विचारलं, तर इतके महिने विचारलं नव्हतं, तेवढंच उघडं पडेल. म्हणून हे पत्र पेटीत पडणार नाही.

पण दादा, आपण जिंकलो होतो का?

तुमचा धाकटा,
गुणवंत