अ काम सोडून का गेला?

२० जानेवारी, सोमवार. सकाळ.
आजपासून मी शिक्षक. आकुर्डीच्या खाणावळवाल्या केसरबाईंशी डील फायनल. त्यांच्या आठवीतल्या नातीला, मिनलला, स्कॉलरशिपचं गणित शिकवायचं, बदल्यात दोन वेळचं जेवण फुकट. शनिवारी शाळेत सराव परीक्षा. तिथं पोरगी घसरली तर जेवण बंद, असं बाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. मला दहावीत गणिताला पस्तीस होते, हे सांगायची वेळच आली नाही.

संध्याकाळ.
पहिलं गणित. अ एक काम सहा दिवसांत करतो, ब तेच बारा दिवसांत. दोघांनी मिळून सुरू केलं, दोन दिवसांनी अ सोडून गेला. उरलेलं काम ब किती दिवसांत करेल?
सुटलं नाही. म्हणजे मी सोडवलं नाही. एका रीलमध्ये पाहिलं होतं, मुलांना उत्तर द्यायचं नसतं, झगडू द्यायचं, त्यातून चिकाटी येते. मिनलला तसं सांगितलं. ती म्हणाली, सर, तुम्हाला येतं ना? मी म्हणालो, प्रश्न तो नाहीच. मग वहीत काहीतरी खरडत बसली. बिचारी.

२१ जानेवारी, मंगळवार. ७.४०.
मिनलला मोह नको म्हणून गाईडमधली उत्तरांची पानं फाडून घंटागाडीत टाकली. शिक्षक असा कडक हवा.

७.५५.
आधी आपण बघून ठेवायला हवं होतं. दुपार.
गाडीमागे धावलो. रहाटणीच्या अलीकडे जेसीबीने रस्ता खोदत होते. दीड तास तिथंच बघत उभा, गाडी गेली. काय हात आहे त्या माणसाचा! जेसीबी शिकावा का?

२२ जानेवारी, बुधवार.
निश्चय होता पाचला उठून गणित. उठलो दहाला, पण डोकं फ्रेश. मूळ प्रश्न वेगळाच आहे: अ सोडून का गेला? सहा दिवसांत काम उरकणारा माणूस उगाच जात नाही. मी चाकणच्या तीन कंपन्या सोडल्या, त्या काय हौसेने? मिनलला हे अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, सर, पण विचारलंय ब बद्दल. या वयात मुलांना माणूस दिसत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार.
अनुभवी लोकांना विचारायला कंपनीच्या बसने चाकण. (आयकार्ड जुनंच. ड्रायव्हरने बघितलं नाही.) नागसेन भेटला, माझ्या जुन्या लाइनचा फोर्कलिफ्टवाला. गणित ऐकून म्हणाला, भावा, अ पर्मनंट होता का कॉन्ट्रॅक्टवर? मी म्हणालो, दिलेलं नाही. म्हणाला, मग कसं सुटणार राव? टपरीवरचे एक काका म्हणाले, अ गेला की ब ला डबल शिफ्ट लावतात, तिसऱ्या दिवशी ब पण पळतोय बघ.
चर्चा वाढली. शेवटी हात वर करून मतदान. उत्तर: काम होत नाही. अकरा विरुद्ध दोन.

२४ जानेवारी, शुक्रवार.
नियम मोडून मिनलला उत्तर सांगून टाकलं. तिने वही मिटली. म्हणाली, सर, अजून एकदा ट्राय करा ना, सोडू नका. केसरबाईंनी आतून विचारलं, काय गं, येतंय का? मिनल म्हणाली, येतंय आजी, जरा वेळ लागतोय. उद्या परीक्षा. शेवटचं जेवण समजून सात पोळ्या खाल्ल्या.

२५ जानेवारी, शनिवार.
वीसपैकी वीस!! केसरबाईंनी गिऱ्हाइकांसमोर मला जास्तीचं अंडं वाढलं. मी नम्रपणे म्हणालो, मुलांना झगडू द्यावं लागतं. आता स्वतःचा क्लास. मारुंजीला, आयटीवाल्यांच्या पोरांसाठी. फी तगडी. जेसीबी कॅन्सल.

२७ जानेवारी, सोमवार. रात्री ८.
क्लासच्या जाहिरातीसाठी मिनलच्या वहीचा फोटो काढायला गेलो. मागच्या सोमवारचं पान. तेच गणित. पाच ओळी, खाली 'सहा दिवस', त्याखाली दोन रेघा. पहिल्याच संध्याकाळी.
विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्हीच म्हणालात, उत्तर द्यायचं नसतं. तुम्ही एवढे झगडत होता, मला मधे पडवेना.
केसरबाई ऐकत होत्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. डील बदललं. जेवण चालू, पण रोज पाचवीच्या पुस्तकातलं एक गणित सुटल्यावर. शिक्षिका मिनल.
पाऊण तास झाला. ती समोर बसून म्हणतेय, छान चाललंय सर, घाई नको.
भाजीवरचा तवंग थिजला आहे.