मीठ पडल्यावर

११ जून १९९४, शनिवार

आलो एकदाचा. टॅमरॅक बे हे गाव मिशिगनच्या नकाशात शोधायला भिंग लागतं. पण इथल्या शाळेला बँड शिकवणारा मास्तर हवा होता, आणि मला डेट्रॉइटपासून आणि घटस्फोटाच्या वकिलांपासून लांब कुठेही चाललं असतं. घर लहानसं, लाकडी. मागच्या दारी उभं राहिलं की तळं दिसतं. डास एवढे मोठे की त्यांना हातात ट्रम्पेट देऊन रांगेत उभं करावं.

सामान उतरवत होतो तोच शेजारच्या आल्मा रिउट्टा वेलचीचा पाव घेऊन हजर. सत्तरी ओलांडलेली विधवा, अंगकाठी चिमणीएवढी, बोलणं मात्र चटचटीत. मी त्यांना मिसेस रिउट्टा म्हणालो तर म्हणाल्या, "आल्मा म्हण रे. मिसेस रिउट्टा माझी सासू होती, आणि ती खाष्ट होती." मग सहज म्हणाल्या, माझ्या नवऱ्याची, आर्वोची गाडी गॅरेजात पडून आहे, बघायची का?

त्यांनी चादर ओढली. १९५९ची हार्टवेल रीजंट! फिकट हिरवा रंग, एकोणीस फूट लांबी, मागे माशाच्या परांसारखे उंच पंख, पुढे बँडच्या सगळ्या वाद्यांना पुरेल एवढं क्रोम. पस्तीस वर्षांत गंजाचा एक ठिपका नाही. मी लहान असताना आमच्या गल्लीतून अशी एक गाडी जायची आणि माझे वडील हातातलं काम टाकून बघत राहायचे. आज मीही तसाच उभा होतो.

१९ जून

गाडी माझी झाली! शिकागोचा एक माणूस जास्त द्यायला तयार होता, पण आल्मांनी त्याला वाटेला लावलं. त्याला गाडी हवी होती, म्हणाल्या, मला शेजारी हवाय. त्यांना स्वतःला गाडी येत नाही, आर्वोने कधी शिकवलंच नाही. त्यामुळे एकच अट: कधी अडलं तर मी त्यांना न्यायचं. मी बॉनेटवर हात ठेवून कोर्टात घेतात तशी शपथ घेतली. त्या खूप हसल्या.

ही वही गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवणार आहे. किती मैल झाले, तेल कधी बदललं, ते लिहायला. बाकीचंही लिहीनच, माझा स्वभावच तो.

१७ जुलै

महिन्याभरात कळलं, हा पांढरा हत्ती आहे, फक्त रंगाने हिरवा. पेट्रोल पिते म्हणजे पितेच. दुकानासमोर दोन गाड्यांची जागा अडवते. ब्रेक लावायचा तर आदल्या दिवशी ठरवावं लागतं. डाव्या काचेची मोटर गेली, तर तो सुटा भाग नेब्रास्कातल्या एका म्हाताऱ्याकडून सहा आठवड्यांनी यायचा आहे. पण दार लावलं की जो गुबगुबीत आवाज येतो ना, त्यासाठी सगळं माफ. रस्त्यावर वाटतं, आपण सोफ्यावर बसलोय आणि सोफाच निघालाय. लोक हात हलवतात. मला आजवर कुणी हात हलवलेला नव्हता.

रविवारी आल्मांना चर्चला नेतो, मग दीपस्तंभापर्यंत चक्कर. आज त्यांनी मुलीच्या जन्माची गोष्ट सांगितली. साठ साली फेब्रुवारीत कळा सुरू झाल्या. गाडी दारात, नवी कोरी. पण रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ टाकलेलं. आर्वो म्हणाला, गाडीचा पत्रा खाईल. शेवटी पाववाल्याला बोलावलं आणि डेनीस त्याच्या गाडीत, पावांच्या मधोमध जन्मली. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "माणूस चांगला होता हो. पण ते मी विसरले नाही."

मीही हसलो. आणि खोटं कशाला, मनातल्या मनात थोडा आर्वोच्या बाजूने होतो.

६ नोव्हेंबर

काल पहिला मिठाचा ट्रक गेला. इथल्या जुन्या गाड्यांच्या क्लबात त्या दिवसाला सणाइतकं महत्त्व आहे, फक्त सुतकी. वेस टुओमी नावाचा मेकॅनिक क्लबचा सर्वेसर्वा. तो मला म्हणाला, "मास्तर, मीठ पडलं की गाडी झोपली. एप्रिलच्या पावसाने रस्ता धुतल्याशिवाय चाक बाहेर काढायचं नाही. सासू मेली तरी नाही!" सगळे खो खो हसले. मी म्हणालो, माझी सासू आता दुसऱ्या कुणाची तरी झालीय. आणखी हसले.

गाडीखाली कापड अंथरलं, उंदरांसाठी सापळे लावले, दाराच्या फटी बुजवल्या. वेस म्हणतो वसंतापर्यंत हातच लावू नको. पण मी दर रविवारी दार उघडून दहा मिनिटं इंजिन चालू करतोच. आवाज ऐकल्याशिवाय करमत नाही. चावी फिरवायचा अवकाश, पहिल्या झटक्यात सुरू होते.

१४ जानेवारी १९९५, शनिवार

इथे तरी खरं लिहितो.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. आल्मा. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. ॲम्ब्युलन्स पलीकडच्या गावी अपघाताला गेली होती, यायला वेळ लागणार होता. माझी रोजची गाडी गियर दुरुस्तीला दिलेली, हे त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, आर्वोची गाडी काढतोस का? हॉस्पिटल अकरा मैलांवर आहे.

मी हो म्हणालो. कोट घातला. गॅरेजचं दार वर केलं. मिठाचा ट्रक नुकताच गेला होता. रस्ताभर राखाडी चिखल, त्यावर पांढरे खडे. मी उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. डोक्यात फक्त एवढंच येत होतं: पस्तीस वर्षं. एक ठिपका नाही.

मग घरात गेलो आणि त्यांना फोन केला. म्हणालो, आल्मा, गाडी सुरू होत नाहीये.

मी चावीला हातसुद्धा लावला नव्हता.

त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही. मी वाट बघते."

मी त्यांच्या घरी जाऊनही बसलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. ॲम्ब्युलन्स पावणेदहाला आली. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. कोट अंगात, बूट पायात, पर्स मांडीवर.

१८ जानेवारी

दफन झालं. चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलचीचा पाव. मी तो नुसता बशीत धरून उभा. डेनीसने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, तुम्ही होतात म्हणून आईची काळजी नव्हती, गाडी सुरू झाली नाही त्याला तुम्ही काय करणार. मग विचारलं, आई शेवटी काय बोलली? मी म्हणालो, शांत होत्या. तिने मान हलवली आणि रडली. सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, पाव छान झालाय.

वेस दारात भेटला. म्हणाला, "सुरू होत नव्हती म्हणे? अरे, रविवारी तर मी तुझ्या घरावरून—" आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मग खांद्यावर थोपटून हळूच म्हणाला, "मीठ वाईटच, मास्तर."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ जानेवारी

पंधरा दिवसांनी गॅरेज उघडलं. गाडीखालचं कापड ओलं. मडगार्डांच्या आतून पांढरे ओघळ. बोट लावून चाखलं. खारट.

दाराला कुलूप होतं. चावी माझ्या गळ्यात.

धुतली. कोमट पाणी, मऊ फडकं, दोन तास. बर्फ गळून आला असेल. पण गळतं पाणी खारट कसं असेल?

३ फेब्रुवारी

पुन्हा मीठ. गाडीतले मैलांचे आकडे तपासले. वहीत लिहिलेल्यापेक्षा पंचावन्न मैल जास्त. रविवारपासून पाच दिवस झाले. रोजचे अकरा.

जायचे अकरा. यायचे नाहीत.

८ फेब्रुवारी

शेजारच्या सीटची गादी मध्ये दबलीय. चिमणीएवढं माणूस बसेल तेवढीच. खाली गालिच्यावर बुटांचे दोन ठसे. कडेने मिठाच्या पांढऱ्या रेघा, पाऊल कोरडं झाल्यावर उरतात तशा. घासले. हाताची सालं निघाली. सकाळी पुन्हा तिथेच, टाचा जुळवून, शिस्तीत.

त्यांना ओरडू द्या, शाप देऊ द्या. ही नुसती वाट बघणारी माणसं सहन होत नाहीत.

११ फेब्रुवारी, शनिवार

नऊ वाजून दहाला फोन वाजला. उचलला. ओळखलं. काहीही विचारलं नाही त्यांनी. फक्त "काही हरकत नाही".

बंद केला. वायर काढून टाकली.

१७ फेब्रुवारी

गंज. दारांच्या खालच्या कडेला रंग फुगलाय, नखाने टोकरला तर आतून तपकिरी भुगा. वीस वर्षांत होतं तेवढं वीस दिवसांत.

वेसला बोलावलं. म्हटलं, कुणीतरी बघावं, मी वेडा नाही असं म्हणावं. त्याने टॉर्च घेऊन खाली वाकून बघितलं. बराच वेळ. उठला तेव्हा त्याचा चेहरा लाल. म्हणाला, "मिठात नेलीस. रोज नेलीस! अरे कसाई आहेस का तू? हिने तुझं काय वाकडं केलं होतं?"

मी म्हणालो, मी एकदाही नेली नाही रे. एकदाही नाही. शप्पथ.

तो थुंकला. क्लबातून माझं नाव काढणार म्हणतो. आल्मा गेल्या तेव्हा माझ्या खांद्यावर नुसतं थोपटणारा माणूस. पत्र्यासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी त्याच्यापेक्षा वेगळा नाही, हेच—

२५ फेब्रुवारी, शनिवार

वायर काढलेला फोन वाजला. नऊ दहा.

डेनीसला चार पत्रं लिहिली. चारही चुलीत. "तुमच्या आईने मला फोन केला तेव्हा" इथपर्यंत हात चालतो. पुढे "गाडी सुरू होत होती" एवढे चार शब्द. ते काही केल्या—

शाळेत मुलं विचारतात, सर, तुमच्या कोटावर पांढरं काय आहे.

३ मार्च

वायर पुन्हा लावली आणि डेनीसला फोन केला. ती उद्या दहाला येतेय, आईचं घर रिकामं करायला. म्हणालो, मला काहीतरी सांगायचंय. ती म्हणाली, मलाही तुमचे आभार मानायचेत.

उद्या सांगणार. काहीही होवो. सांगितलं की त्या जातील. जातीलच ना.

४ मार्च, शनिवार, सकाळ

नऊ दहा. फोन नाही. खिडकीतून पाहिलं. त्यांच्या खिडकीजवळची खुर्ची रिकामी.

गॅरेजात आलो. त्या आधीच गाडीत. कोट, बूट, मांडीवर पर्स. समोर बघत. कप्प्यातून वही काढून आता लिहितोय. पहिल्यांदा हॉस्पिटल. मग डेनीस. दार वर केलं. मीठ पडलंय, ताजं. पडू दे. खड्ड्यात गेला पत्रा.

चावी फिरवली.

काही नाही. पुन्हा. नुसती टकटक. पुन्हा—

दहाला पाच कमी

दारं उघडत नाहीत. माझं, मागची, कुठलंच. काचा गोठल्यात, आतून. थंडी. गॅरेजचं दार वर केलं होतं मी, ते खाली आलंय—

त्या काही बोलत नाहीत. बघतही नाहीत. नुसत्या—

दहा

डेनीस बाहेर आहे. माझं नाव घेतेय. गॅरेजचं दार वाजवतेय. म्हणतेय, मिस्टर प्रुइट, आत आहात का? काय सांगायचं होतं?

आत्ता. ओरडून सांगायचं. गाडी चालू होत होती, मी आणली नाही. बस एवढंच, की सगळी दारं उघडतील. हे मला कसं माहीत, माहीत नाही, पण माहीत आहे. आल्मांनी मान वळवली. पहिल्यांदाच. त्या ऐकतायत.

मी तोंड उघडलं. सगळा जीव एकवटला. आणि माझ्याच आवाजात, स्पष्ट—

"गाडी सुरू होत नाहीये."

बाहेर दार वाजायचं थांबलं. "बरं, मी आईच्या घरात वाट बघते," ती म्हणाली. मग पावलं दूर जायला लागली. बर्फात कचकच. मी पुन्हा ओरडतोय. तेच निघतंय. पुन्हा तेच—

आल्मांनी माझ्या हातावर हात ठेवला. काही हरकत नाही, म्हणाल्या, आपण वाट बघू. हात इतका गार की बोटं सरकत नाहीत, अक्षर—

त्या आता जवळ सरकल्या आणि