धुराच्या नळीचा रुपेरी रंग

३ मे १९६१, भूम

मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मोटारीच्या धुराच्या नळ्या मीच काढून घासतो, रंगवतो, असं आज बोलून बसलो. कशाला बोललो! आडतीच्या दुकानात चार माणसं होती आणि सासरे हसत म्हणाले, आमचे जावई नुसती पुस्तकं वाचून दमतात. घरजावयाला टोमणा नवा नाही. आज मात्र लागला. इंजनातून धूर मागं नेणाऱ्या त्या नळ्या गंजून लाल झाल्यात. त्यातलं मला काय कळतं?

४ मे

बार्शीहून रुपेरी रंगाचा डबा आणला. इंजनाचा ताव सोसतो म्हणे. डब्यावर लिहिलंय – गंज पुरता काढा, तेल राहू देऊ नका, पातळ हात द्या, मग हळूहळू तापवा. नळीच्या जोडात घालायचं नवं पॅकिंग मात्र आणायचं विसरलो.

६ मे

परसात बसून घासतोय. रॉकेलनं धुतलं. नखं काळी झालीत.

गिरिजा, माझी बायको, पाणी घेऊन आली. उस्मानाबादला ट्रेनिंग करून तिला मास्तरीण व्हायचंय. म्हणाली, "आमच्या अप्पांना तुम्ही एकदा विचाराल का? तुमचं ऐकतील." विचारतो म्हटलं.

विचारलं नाही. जेवताना मामाच म्हणाले, पोरीनं शिकून काय करायचंय? मी मान हलवली. गिरिजा भाकरी वाढत होती. तिनं पाहिलं.

बायको पगार आणणार आणि मी सासऱ्याच्या दुकानात बसणार – हे मला नको होतं. इथं तरी खरं लिहितो.

९ मे

न्हाणीच्या चुलीवर नळी तापवली. रंग जाड बसला होता, फोड आले. पुन्हा घासायला हवं होतं. तेवढ्यात मामा परसदारी येऊन उभे – शुक्रवारी येरमाळ्याला जायचंय, झालं का?

झालं म्हटलं. जुनं तुटकं पॅकिंग तसंच दाबून नट आवळले. वरून नळी चांदीसारखी दिसते. मामांनी पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

१२ मे, शुक्रवार

येरमाळ्याच्या येडेश्वरीला जाऊन आलो.

मामा मोटार चालवत होते, शेजारी मी. मागं एकट्या मामी, म्हणजे सासूबाई. गिरिजा घरीच राहिली होती. वाटेत करपट वास सुटला. मला लगेच कळलं – जोडातून धूर निसटतोय आणि मागच्या फळीच्या फटीतून वर येतोय. मोटार थांबवा म्हणायला हवं होतं. पाठीवरचा तो हात आठवला आणि गप्प बसलो.

देवळापाशी मामी उतरल्या आणि घुमायला लागल्या. डोळे मिटलेले, केस सुटलेले. बायका गोळा झाल्या. कुणी मळवट भरला, कुणी पाया पडलं. मामींनी मामांच्या छातीवर बोट ठेवलं.

"हणमंतप्पा, पोरीला शिकायला धाड."

जन्मात कधी नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई! मामांनी तिथंच धुळीत लोटांगण घातलं. देवी बोलली म्हणून सगळे हात जोडून उभे. मीही जोडले. मामींच्या डोक्यात धूर गेलाय हे एकट्या मला ठाऊक होतं.

१४ मे

गिरिजाचा अर्ज गेला. मामांनीच सही केली. ती काम करताना गुणगुणतेय. मामी कुणाशी फारसं बोलत नाहीत. मामा म्हणतात, आता दर शुक्रवारी मोटारीनं दर्शनाला जायचं.

बार्शीला जाऊन नवं पॅकिंग आणायलाच हवं.

१६ मे

नवं पॅकिंग आणलं. रंग पार खरवडला, पुन्हा पातळ दिला, सावकाश तापवला. इंजन चालू करून जोडाशी चिंधी धरली. हलली नाही. धुराचा मागमूस नाही.

तरी मामांना खरं सांगावं असं सारखं वाटतंय. सांगितलं की ती आज्ञा देवीची उरणार नाही, आणि गिरिजा घरीच राहील. खरं बोलायची ही ओढ कुठून येते ते मला नीट ठाऊक आहे. माझा खरेपणा असला! लाज वाटते.

१७ मे

मामांकडं निघालोच होतो. ओसरीवर मामी जोंधळे निवडत होत्या. पाय तिथंच थांबले आणि सगळं त्यांनाच सांगून टाकलं – तुटकं पॅकिंग, धूर, वास येऊनही मी गप्प राहिलो ते. तुमच्या जिवाला काही झालं असतं म्हणालो. त्या सूप पाखडत राहिल्या. शेवटी मीच निघून आलो.

१८ मे

आज मामींनी हाक मारली. म्हणाल्या, "जावईबापू, वास मला वेशीपासूनच येत होता. तोंड खिडकीबाहेर काढून बसले होते मी. मला काय बी झालं न्हाय. देवीची माफी मागितलीय."

मग सूप उचलून आत जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही ह्यांना पोरीचं विचाराल म्हणून लई वाट बघितली."